सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या परिषदेला पहिला शोधनिबंध पाठवताना

बहुतेक विज्ञानशाखांत परिषद ही भेटीगाठींची आणि चर्चेची जागा असते, आणि काम खऱ्या अर्थाने प्रसिद्ध होते ते नियतकालिकात. सैद्धांतिक संगणकशास्त्रात हा क्रम उलटा आहे. इथे नवा निष्कर्ष आधी परिषदेकडे जातो, तिथे त्याचे परीक्षण होते, निवड झाली तर परिषदेच्या प्रोसीडिंग्जमध्ये, म्हणजे तिथल्या निबंधांच्या छापील संग्रहात, तो छापला जातो, आणि सविस्तर नियतकालिकी आवृत्ती त्यानंतर, कधी कधी काही वर्षांनी, येते. ज्या शोधनिबंधातून एनपी-पूर्णतेची, म्हणजे उत्तर तपासायला सोपे पण शोधायला अवघड वाटणाऱ्या प्रश्नांपैकी सर्वांत कठीण कोणते हे सांगणारी, कल्पना उभी राहिली तो स्टीफन कुक यांचा १९७१ सालचा निबंधसुद्धा 'स्टॉक' या परिषदेच्या प्रोसीडिंग्जमध्येच, अवघ्या आठ पानांत प्रसिद्ध झाला होता. परिषदेला पेपर पाठवणे हे या विषयातले प्रकाशनाचे मुख्य दार असल्यामुळे ते काम नीट समजून केले पाहिजे. ज्यांच्या हाती एखादा निष्कर्ष आहे, पण ज्यांनी आजवर एकही पेपर पाठवलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

पुढचे सगळे सल्ले ज्या एका गोष्टीतून निघतात ती आधीच सांगतो. तुमचा पेपर ज्याच्या हाती पडणार आहे तो वाचक म्हणजे पेपर निवडणाऱ्या कार्यक्रम समितीचा एक सदस्य, किंवा त्याने मदतीला घेतलेला उपपरीक्षक. त्याला काही आठवड्यांत अनेक पेपर वाचायचे असतात, आणि स्वतःचे शिकवणे व संशोधन सांभाळून वाचायचे असतात. तो विषयातला जाणकार असतो, पण तुमच्या नेमक्या प्रश्नावर त्याने काम केलेले असेलच असे नाही. पेपर लिहिण्यापासून तो अपलोड करण्यापर्यंतचे प्रत्येक काम या माणसाला तुमचा दावा समजावा आणि पडताळून पाहता यावा यासाठी असते.

निष्कर्ष पाठवण्याजोगा झाला आहे का

एका कोऱ्या कागदावर मुख्य प्रमेय सर्व गृहीतकांसह लिहून पाहावे. हे काम वाटते तितके सोपे नाही. समजा तुमचा अल्गोरिदम ग्राफवरचा, म्हणजे शिरोबिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडांच्या जाळ्यावरचा, एखादा प्रश्न आधीपेक्षा लवकर सोडवतो. मग ग्राफ दिग्दर्शित आहे की अदिग्दर्शित, कडांची वजने पूर्णांक आहेत की वास्तव संख्या, ऋण वजने चालतात का, वेळ मोजताना गणनेचे कोणते प्रारूप धरले आहे, अल्गोरिदम यादृच्छिक असेल तर वेळ सरासरीने सांगितली आहे की सर्वांत वाईट परिस्थितीची, आणि उत्तर चुकण्याची शक्यता किती, या सगळ्याची उत्तरे त्या एका विधानात असली पाहिजेत. त्याखाली दोन ओळींत लिहावे, की आजवर या प्रश्नाबद्दल जास्तीत जास्त काय माहीत होते. ही दोन विधाने शेजारीशेजारी ठेवल्यावर फरक स्वच्छ दिसला, तर पेपराचा गाभा तयार आहे. फरक समजावायला परिच्छेदभर मजकूर लागत असेल, तर बहुधा दावा अजून पुरता पक्का झालेला नसतो.

त्यानंतर सिद्धता. या विषयात प्रयोगांचे आकडे दाव्याला आधार देत नाहीत. आधार असतो तो सिद्धतेचा, आणि बहुतेक परिषदा आता सर्व दाव्यांच्या पूर्ण सिद्धता पेपरात किंवा परिशिष्टात मागतात. 'सविस्तर सिद्धता पुढील आवृत्तीत देऊ' हे वाक्य पूर्वी चालून जात असे, आज ते पेपराला मारक ठरते. म्हणून डेडलाइनच्या निदान तीन आठवडे आधी सिद्धता गोठवावी, आणि जी सिद्धता एका सहलेखकाने लिहिली आहे ती दुसऱ्याने ओळीने तपासावी. सहलेखक नसेल तर मार्गदर्शकाला किंवा शेजारच्या टेबलावरच्या सहाध्यायाला फळ्यावर ती पूर्ण समजावून सांगावी. 'सहज दिसते', 'उघडच आहे', 'त्याचप्रमाणे' हे शब्द जिथे जिथे आले असतील तिथे थांबून ती पायरी खरोखर लिहून काढावी, कारण चुका बहुतेक वेळा याच शब्दांच्या आड बसलेल्या असतात.

याचा धडा मला माझ्या सुरुवातीच्या एका पेपरात मिळाला. आमचा अल्गोरिदम फेऱ्याफेऱ्यांनी चालत होता, आणि एका लेमात, म्हणजे मुख्य सिद्धतेला लागणाऱ्या छोट्या प्रमेयात, आम्ही लिहिले होते की प्रत्येक फेरीत त्रुटी 'फार तर स्थिर पटीने' वाढते. विधान खरे होते, सिद्धताही बरोबर होती. परीक्षकाने समासात टाकावा तसा एकच प्रश्न विचारला होता: फेऱ्या किती? फेऱ्या होत्या लॉग एन (एन म्हणजे इनपुटचा आकार, लॉग दोनच्या पायाचा). एका फेरीत त्रुटी दुप्पट होत असेल तर लॉग एन फेऱ्यांनंतर ती एन पट होते, आणि आमच्या मुख्य प्रमेयात काहीच उरत नव्हते. स्थिर पट सोडून फक्त वाढीचा दर सांगणाऱ्या बिग-ओच्या चिन्हाने तो स्थिरांक आमच्याच नजरेआड केला होता. विगमनाने दिलेल्या सिद्धतेत बिग-ओ वापरले असेल, तर दर पायरीला स्थिरांक वाढतो आहे का, हे प्रत्यक्ष आकडा लिहून पाहावे, असे मी तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

परिषद कोणती

सर्वसाधारण विषयांच्या परिषदांत 'स्टॉक' आणि 'फॉक्स' या दोन सर्वांत जुन्या आणि सर्वांत चुरशीच्या मानल्या जातात. स्टॉक एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या संघटनेची, १९६९ पासून भरणारी. फॉक्स आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेची, तिची सुरुवात १९६० साली स्विचिंग सर्किटांच्या सिद्धांतावरची परिषद म्हणून झाली आणि आजचे नाव तिला १९७५ मध्ये मिळाले. स्टॉक साधारणपणे उन्हाळ्याच्या तोंडाशी भरते आणि तिची डेडलाइन आदल्या वर्षाच्या नोव्हेंबरच्या आसपास असते. फॉक्स वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत भरते आणि तिची डेडलाइन एप्रिलच्या आसपास असते. अल्गोरिदमवर भर असेल तर १९९० पासून जानेवारीत भरणारी 'सोडा' आहे. युरोपात १९७२ पासून 'इकॅल्प' आहे. तिच्यात अल्गोरिदम व जटिलतेसाठी एक आणि तर्कशास्त्र व ऑटोमाटा यांसाठी दुसरा, असे वेगळे विभाग असतात आणि पेपर कोणत्या विभागाकडे पाठवायचा हे लेखकाने ठरवायचे असते. यांखेरीज 'ईसा', 'स्टॅक्स', 'एमएफसीएस', 'आयझॅक', 'एफएसटीटीसीएस' अशा मोठ्या आवाक्याच्या परिषदा आहेत. विशिष्ट शाखांसाठी जटिलतेची 'सीसीसी', संगणकीय भूमितीची 'एसओसीजी', तर्कशास्त्राची 'लिक्स', वितरित गणनेची 'पीओडीसी', लर्निंग थिअरीची 'कोल्ट' आणि कूटशास्त्राची 'क्रिप्टो' आहे. कल्पना नवी, पण तांत्रिक बाजू हलकी अशा कामाला 'आयटीसीएस' जवळची वाटते. माहीत असलेल्या निष्कर्षाची अधिक साधी सिद्धता किंवा अधिक साधा अल्गोरिदम सापडला असेल, तर २०१८ पासून खास साधेपणासाठी भरणारी 'सोसा' आहे. नवख्यांनी या शेवटच्या परिषदेकडे जरूर पाहावे. साधी सिद्धता हे खरे योगदान आहे, आणि तिथे ते योगदान म्हणूनच वाचले जाते.

निवड करायची कशी? आपल्या संदर्भसूचीकडे पाहावे. ज्या दहा-बारा पेपरांवर तुमचे काम उभे आहे ते कुठे छापले गेले, हे पाहिले की तुमचा वाचक कुठे बसतो ते कळते. मग त्या परिषदांच्या मागच्या तीन वर्षांच्या स्वीकृत पेपरांच्या याद्या वाचाव्यात आणि आपल्या निष्कर्षाच्या तोलाचे चार-पाच पेपर काढून त्यांच्या प्रस्तावना वाचाव्यात. कार्यक्रम समितीत तुमच्या प्रश्नाच्या आसपास काम केलेले कोणी आहे का, हेही पाहावे. असे कोणीच नसेल तर पेपर अशा माणसाकडे जाईल ज्याला पार्श्वभूमी तुम्हालाच द्यावी लागेल. पहिला पेपर थेट सर्वांत चुरशीच्या परिषदेलाच पाठवावा की नाही, यावर मते वेगळी आहेत. माझे मत असे, की मार्गदर्शकाला निष्कर्षाची उंची प्रामाणिकपणे विचारावी आणि तो म्हणेल तिथे पाठवावे. केवळ परीक्षण मिळावे म्हणून अर्धवट पेपर मोठ्या परिषदेला पाठवणे मात्र परीक्षकांच्या वेळेवर अन्याय करणारे आहे.

आवाहनपत्र शब्दन् शब्द वाचावे

प्रत्येक परिषद पेपर मागवणारे आवाहनपत्र, म्हणजे कॉल फॉर पेपर्स, काढते. ते छापून घ्यावे आणि हातात पेन घेऊन वाचावे, कारण गेल्या वर्षीचे नियम यंदा तसेच असतील याचा भरवसा नसतो. पानांची मर्यादा आहे का, ती संदर्भसूची धरून आहे की सोडून, परिशिष्टाला मर्यादा आहे का, अक्षरांचा आकार किती, कोणता साचा वापरायचा, हे आधी पाहावे. काही परिषदा पेपर कितीही मोठा चालेल असे म्हणतात, पण पहिल्या दहा-बारा पानांपलीकडचे वाचायचे की नाही हे परीक्षकाच्या मर्जीवर सोडतात. ज्या परिषदांची प्रोसीडिंग्ज जर्मनीतल्या डागस्टुल या संगणकशास्त्र केंद्राच्या 'लिपिक्स' या मुक्त मालिकेत निघतात, त्यांचा स्वतःचा लॅटेक (गणिती मजकूर जुळवण्याची प्रणाली) साचा असतो आणि त्यात समास किंवा ओळींमधले अंतर बदलायला सक्त मनाई असते.

तारखांच्या बाबतीत दोन गोष्टी नवख्यांना हमखास चकवतात. पहिली म्हणजे अनेक परिषदांना दोन डेडलाइन असतात. आधी शीर्षक, लेखकांची नावे आणि सारांश यांची नोंदणी, आणि काही दिवसांनी पूर्ण पेपर. पहिली तारीख चुकली तर पूर्ण पेपर तयार असूनही तो घेतला जात नाही. दुसरी म्हणजे 'एनीव्हेअर ऑन अर्थ' ही वेळ. तिचा अर्थ असा, की पृथ्वीवर कुठेही ती तारीख अजून चालू असेल तोवर पेपर घेतला जाईल. म्हणजे यूटीसीपेक्षा बारा तास मागे असलेल्या घड्याळाप्रमाणे तो दिवस संपेपर्यंत. सगळ्याच परिषदा ही वेळ वापरत नाहीत, म्हणून आवाहनपत्रात लिहिलेली वेळ आपल्या घड्याळात बदलून ती दोघा सहलेखकांनी वेगवेगळी तपासावी.

एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर पाठवण्याचा नियमही इथेच लिहिलेला असतो. प्रोसीडिंग्ज काढणाऱ्या दुसऱ्या परिषदेकडे किंवा नियतकालिकाकडे जो पेपर परीक्षणासाठी गेला आहे, तोच इथे पाठवता येत नाही. दोन्ही समित्यांत बऱ्याचदा तेच जाणकार उपपरीक्षक असतात, त्यामुळे ही गोष्ट उघड होते आणि पेपर दोन्हीकडून परत येतो. उलट अर्काइव्हसारख्या प्रीप्रिंट भांडारावर (परीक्षणाआधीच पेपर सर्वांसाठी खुले ठेवण्याची ऑनलाइन जागा) पेपर आधीच ठेवलेला असेल तर सहसा काही अडचण नसते. या विषयात ती रीतच आहे.

विद्यार्थ्यांनी आवाहनपत्रातली आणखी एक ओळ शोधावी. अनेक परिषदांत विद्यार्थ्यांच्या उत्तम पेपरासाठी पारितोषिक असते. फॉक्समध्ये ते मॅक्टी यांच्या नावाने दिले जाते, स्टॉकमध्ये डॅनी लेविन यांच्या. साधारण अट अशी, की सर्व लेखक पूर्णवेळ विद्यार्थी असावेत, आणि पेपर पाठवतानाच तसे नमूद केलेले असावे. ती खूण करायचे राहिले तर पुढे कोणी आठवण करून देत नाही.

पहिली दहा पाने

पेपराचे भवितव्य बहुतांशी इथे ठरते, म्हणून लिहिण्याचा निम्मा वेळ इथे द्यावा. सिद्धतेचा भाग आधी लिहून झालेला असतो आणि प्रस्तावना शेवटच्या दोन रात्रींत उरकली जाते, हा नवख्यांच्या पेपरांत दिसणारा सर्वांत मोठा दोष आहे.

प्रस्तावनेत प्रश्न पहिल्याच पानावर कळला पाहिजे, आणि मुख्य प्रमेय दुसऱ्या किंवा तिसऱ्या पानापर्यंत चौकटीत बसवल्यासारखे स्पष्ट समोर आले पाहिजे. शाखेच्या महत्त्वाबद्दलचे सर्वसाधारण परिच्छेद गाळावेत. परीक्षकाला ग्राफ का महत्त्वाचे आहेत हे माहीत असते. त्याला माहीत नसते ते हे, की हाच प्रश्न का, आणि आजवर तो कुठे अडला होता.

त्यानंतर आधीच्या कामाशी तुलना. तीनपेक्षा जास्त पूर्वीचे निष्कर्ष असतील तर एक तक्ता करावा आणि त्यात प्रत्येकाची गृहीतके लिहावीत. तुमचा निष्कर्ष एका बाजूने सरस आणि दुसऱ्या बाजूने कमजोर असेल, तर कमजोर बाजू आपणहून सांगावी. 'आमची पद्धत ऋण वजनांवर चालत नाही' हे वाक्य तुम्ही लिहिले तर ती एक माहिती ठरते; परीक्षकाने ते शोधून काढले तर ती लपवाछपवी वाटते, आणि मग तो उरलेल्या पेपराकडेही संशयाने पाहू लागतो. ज्यांच्या कामावर तुमचा निष्कर्ष उभा आहे त्यांना श्रेय देताना हात आखडता घेऊ नये. दुसऱ्या कोणी त्याच सुमारास स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला असेल तर तेही तारखांसह सरळ लिहावे.

प्रस्तावनेतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे तंत्राचा आढावा. परिषदेची समिती बसते तेव्हा 'यात नवे काय आहे' या प्रश्नाचे उत्तर परीक्षक याच भागातून देतो. लिहिताना अशा वाक्यापाशी थांबू नये: 'आम्ही अभिनव तंत्रे वापरून आधीच्या निष्कर्षांत लक्षणीय सुधारणा करतो.' यातून वाचकाला काहीच मिळत नाही. त्याऐवजी असे लिहावे: 'आधीचा अल्गोरिदम प्रत्येक टप्प्यावर सबंध ग्राफ पुन्हा तपासतो. आम्ही दाखवतो की मागच्या टप्प्यात ज्या शिरोबिंदूंची किंमत बदलली त्यांच्या शेजारच्या कडा तपासणे पुरेसे आहे, आणि सर्व टप्पे मिळून अशा कडांची संख्या एम लॉग एनच्या प्रमाणाबाहेर जात नाही (एम म्हणजे कडा, एन म्हणजे शिरोबिंदू).' हे दुसरे रूप वाचल्यावर जाणकार मनाशी सिद्धता जुळवू लागतो. हा आढावा लिहिण्याची मला पटलेली रीत अशी, की आधी प्रश्नाचे सर्वांत सोपे रूप घ्यावे, त्यावर कोणालाही सुचेल अशी पद्धत चालवून ती नेमकी कुठे मोडते हे एखाद्या छोट्या उदाहरणाने दाखवावे, आणि मगच आपली कल्पना पुढे आणावी. अडचण आधी दिसली की उपाय किती मोलाचा आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

पुढची मांडणी तुलनेने सोपी आहे. व्याख्या वापराआधी याव्यात, एका चिन्हाचा एकच अर्थ असावा, आणि मोठ्या सिद्धतेच्या आधी तिचा आराखडा चार ओळींत द्यावा. मर्यादेमुळे सिद्धता परिशिष्टात गेली असेल तर लेमाच्या शेजारी तसे लिहावे, आणि परिशिष्टात तो लेमा पुन्हा पूर्ण लिहावा, म्हणजे परीक्षकाला पाने मागेपुढे उलटावी लागत नाहीत. संदर्भसूची 'डीबीएलपी' या संगणकशास्त्रातल्या पेपरांच्या ऑनलाइन सूचीवरून घेतली तर नावे आणि वर्षे बरीचशी अचूक येतात; फक्त जो पेपर एव्हाना परिषदेत छापून आला आहे त्याची जुनी प्रीप्रिंट नोंद तशीच राहिलेली नाही ना, हे हाताने तपासावे.

लेखकांचा क्रम या विषयात आडनावांच्या वर्णानुक्रमाने असतो. इतर शाखांतून आलेल्यांना हे खटकते, पण इथे पहिल्या नावाला वेगळा मान नाही. नावे घालायची कोणाची हे मात्र काम सुरू असतानाच मोकळेपणाने बोलून घ्यावे. डेडलाइनच्या आदल्या रात्री हा विषय निघाला की चांगले सहकारी कायमचे दुरावतात.

नावे झाकण्याचा नियम

बऱ्याच परिषदांनी अलीकडच्या वर्षांत सौम्य दुहेरी-अंध परीक्षण स्वीकारले आहे. म्हणजे पाठवलेल्या फाइलवर लेखकांची नावे नसतात. परंतु प्रीप्रिंट ठेवायला किंवा त्या कामावर भाषण द्यायला मनाई नसते, आणि परीक्षकाने मुद्दाम नावे शोधू नयेत अशी अपेक्षा असते. हा नियम पाळताना पहिल्या पानावरची नावे सगळेच काढतात. राहतात ती इतर जागची. ऋणनिर्देश, संशोधन-अनुदानाचा क्रमांक, 'आमच्या मागील पेपरात आम्ही दाखवले' अशी वाक्ये, आणि पीडीएफच्या गुणधर्मांत आपोआप नोंदले गेलेले नाव, हे सगळे पाहावे. स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख तिसऱ्या पुरुषी करावा, म्हणजे अमुक आणि तमुक यांनी असे दाखवले, याप्रमाणे. तो संदर्भ गाळून टाकणे चूक आहे, कारण मग परीक्षकाला वाटते की लेखकांना पूर्वीचे कामच ठाऊक नाही.

प्रत्यक्ष पाठवणे

बहुतेक परिषदा 'ईझीचेअर' किंवा 'हॉटसीआरपी' यांसारखी प्रणाली वापरतात. नोंदणीच्या तारखेच्या आठवडाभर आधी खाते उघडावे, सर्व सहलेखकांचे ईमेल पत्ते गोळा करावेत आणि शीर्षक व सारांश भरून टाकावा. समिती-सदस्य कोणते पेपर वाचायला आवडतील याची पसंती बहुधा या दोनच गोष्टी वाचून देतात, त्यामुळे सारांशात प्रश्न आणि निष्कर्ष दोन्ही नीट यायला हवेत. सारांशाच्या चौकटीत लॅटेकच्या स्वतः बनवलेल्या आज्ञा चालत नाहीत, म्हणून तिथे साधा मजकूर ठेवावा.

हितसंबंधांची नोंद काळजीने करावी. मार्गदर्शक, अलीकडचे सहलेखक, त्याच संस्थेतले सहकारी आणि नातलग यांच्यापैकी कोणी समितीत असेल तर तसे नोंदवायचे असते. एखादा परीक्षक आपल्याला प्रतिकूल वाटतो म्हणून खोटा हितसंबंध दाखवणे हा गंभीर गैरप्रकार समजला जातो.

पूर्ण पेपराची एक प्रत दोन दिवस आधीच अपलोड करून ठेवावी. डेडलाइनपर्यंत ती हवी तितक्या वेळा बदलता येते, आणि शेवटच्या तासात सर्व्हर मंदावला किंवा नेट गेले तरी काहीतरी पोहोचलेले असते. शेवटची प्रत चढवल्यावर ती प्रणालीवरून परत उतरवून उघडावी आणि प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावे. तुटलेल्या संदर्भाच्या जागी उमटणारी दोन प्रश्नचिन्हे, सहलेखकांनी एकमेकांसाठी रंगीत अक्षरांत सोडलेल्या टिपा, आणि जोडायचे राहून गेलेले परिशिष्ट ही तीन दृश्ये मी परीक्षक म्हणून इतक्यांदा पाहिली आहेत, की या तपासणीसाठी अर्धा तास राखून ठेवा असे आग्रहाने सांगावेसे वाटते.

वाट पाहण्याचा काळ आणि उत्तर

निर्णय यायला सहसा दोन ते तीन महिने लागतात. दरम्यान सिद्धतेत चूक सापडली तर लगेच समितीच्या अध्यक्षांना कळवावे. चूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर दुरुस्तीसह कळवावे, नसेल तर पेपर मागे घ्यावा. हे पत्र लिहिणे जड जाते, पण अध्यक्षांना अशा पत्रांची सवय असते, आणि त्याने लेखकाबद्दलचा विश्वास वाढतो.

काही परिषदा निर्णयाआधी परीक्षकांच्या शंका लेखकांकडे पाठवतात आणि दोन-चार दिवसांत उत्तर मागतात. हे उत्तर शंकेपुरतेच असावे. 'लेमा चारमधील दुसरी असमता का खरी आहे' असे विचारले असेल तर त्या असमतेची सिद्धता तीन ओळींत द्यावी. परीक्षकाचा गैरसमज झाला असेल तरी तो पेपरातल्या कोणत्या वाक्यामुळे झाला हे शोधावे आणि ते वाक्य कसे बदलू हे सांगावे. पेपराच्या महत्त्वाबद्दलचा मतभेद या उत्तराने सहसा मिटत नाही. सिद्धतेबद्दलची शंका मात्र हमखास मिटू शकते, म्हणून जागा तिच्यावर खर्च करावी.

नकार आला तर

चुरशीच्या परिषदांत परत येणारे पेपर स्वीकारलेल्यांपेक्षा बरेच जास्त असतात, आणि त्यांत चांगले पेपरही असतात. शून्य-ज्ञान सिद्धतेची (विधान खरे आहे एवढेच पटवायचे, बाकी काहीच उघड करायचे नाही) कल्पना मांडणारा शफी गोल्डवासर, सिल्व्हिओ मिकाली आणि चार्ल्स रॅकॉफ यांचा पेपर १९८५ च्या स्टॉकमध्ये येण्यापूर्वी मोठ्या परिषदांकडून एकाहून अधिक वेळा परत आला होता. त्याच कामाला १९९३ साली सैद्धांतिक संगणकशास्त्रातल्या पेपरांसाठीच्या पहिल्या ग्योडेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

परीक्षणे आल्यावर ती एकदा वाचून दोन दिवस बाजूला ठेवावीत. मग पुन्हा वाचताना प्रत्येक आक्षेप वेगळा लिहावा आणि त्याच्यापुढे पेपरात काय बदलणार ते लिहावे. एखाद्या परीक्षकाला मुख्य कल्पना कळलीच नाही असे दिसले, तर प्रस्तावना पुन्हा लिहायची खूण मिळाली असे समजावे, कारण पुढचा परीक्षकही त्याच पानावर अडेल. सिद्धतेतली चूक दाखवली असेल तर ती दुरुस्त झाल्याशिवाय पेपर कुठेही पाठवू नये. तोच पेपर जसाच्या तसा पुढच्या परिषदेला गेला आणि तिथे तोच उपपरीक्षक भेटला, तर त्याने कष्ट घेऊन लिहिलेल्या सूचना तुम्ही वाचल्याच नाहीत, हे त्याला पहिल्या पानावर कळते.

स्वीकार झाल्यावर

अंतिम प्रत देण्यासाठी काही आठवडे मिळतात. परीक्षकांनी सुचवलेले बदल करावेत, नावे आणि ऋणनिर्देश परत घालावेत, आणि ज्या निनावी परीक्षकाच्या सूचनेने सिद्धता सुधारली त्याचे आभार मानावेत. प्रोसीडिंग्जमध्ये पानांची मर्यादा असल्यामुळे काही सिद्धता गाळाव्या लागल्या, तर पूर्ण आवृत्ती अर्काइव्हवर ठेवून तिचा निर्देश करावा. जटिलतेच्या विषयांसाठी १९९४ पासून चालणारे 'ईसीसीसी' हे भांडारही आहे. अर्काइव्हवर एकदा ठेवलेली आवृत्ती पुसली जात नाही, नवी आवृत्ती तिच्यावर चढते आणि जुनी तशीच वाचता येते, हे लक्षात ठेवून तिथे ठेवण्यापूर्वीही सिद्धता तपासलेली असावी.

बहुतेक परिषदांत एका तरी लेखकाने नोंदणी करून भाषण द्यावे अशी अट असते. व्हिसा लागणार असेल तर स्वीकृतीचे पत्र येताच आयोजकांकडे निमंत्रणपत्र मागावे, आणि विद्यार्थ्यांसाठीच्या प्रवास-अनुदानाची तारीख पाहावी. ती बऱ्याचदा नोंदणीच्या तारखेआधीच संपते. भाषणाला साधारण वीस मिनिटे मिळतात. तेवढ्यात पूर्ण सिद्धता सांगता येत नाही, म्हणून प्रश्न, प्रमेय आणि एकच कल्पना चित्रासह सांगावी. प्रस्तावनेतला तंत्राचा आढावा मनापासून लिहिला असेल तर भाषणाचा मसुदा त्यातच मिळतो.

परिषद आटोपल्यावर नियतकालिकी आवृत्तीचे काम लगेच हाती घ्यावे, कारण वर्षभराने आपल्याच सिद्धतेतले बारकावे विसरायला होतात. निवडक पेपरांना परिषदेच्या विशेषांकासाठी निमंत्रण येते. स्टॉक आणि फॉक्सचे असे अंक 'सियाम जर्नल ऑन कॉम्प्युटिंग' काढते. निमंत्रण आले नाही तरी आपणहून एखाद्या नियतकालिकाकडे पेपर पाठवता येतो. तिथे परीक्षकाला महिनोन् महिने मिळतात, आणि परिषदेच्या घाईत जी तपासणी होऊ शकत नाही ती प्रत्येक लेमाची, प्रत्येक स्थिरांकाची तपासणी तिथे होते.